चौदावा गोळा

मला लोक रागीट म्हणतात. म्हणू देत. माझा निम्मा राग जन्माचा असेल, पण उरलेला मी हाटकेशमधल्या एका गाळ्यात नोकरी करून कमावला आहे, आणि तो एका हिरव्या प्लास्टिकच्या गोळ्यावरून आहे. लिंबाएवढा गोळा. ऐकणारे हसतात. मी हसत नाही.

मी बी.एस्सी. झाले तेव्हा आईच्या आणि बाबांच्या दोन्ही घराण्यांत कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली. बाबा फोर्टमधल्या एका ऑफिसात शिपाई, आई चौथी पास. परळची खोली सोडून आम्ही भाईंदर पूर्वेला, इंद्रलोकच्या अलीकडे, वन रूम किचन घेतलं होतं. परळचे नातेवाईक अजून आम्हाला विचारायचे, 'गावी कसं चाललंय?' मी रसायनशास्त्र घेतलं होतं आणि सेकंड क्लास मिळवला होता. सेकंड क्लास मी लपवत नाही. शिलाई मशीनच्या झाकणावर अभ्यास करून मिळवलेला आहे, कुणी क्लास लावून दिला नव्हता.

दोन हजार चार-पाचच्या सुमाराची गोष्ट. नोकरीसाठी बरेच जोडे झिजवल्यावर हाटकेशला काम मिळालं. इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये पहिल्या मजल्यावर गाळा, खाली प्लेटिंगवाला, त्याच्या अ‍ॅसिडचा वास जिन्यात कायमचा. वर आम्ही शाळा-कॉलेजांना लागणारे नमुने बनवायचो. हृदय, दाढ, ज्वालामुखी, आणि स्फटिक. शेठ पूर्वी इमिटेशन दागिन्यांच्या धंद्यात होता. तिथलेच गोळे, तिथलीच भोकं पाडायची मशीनं, तिथलेच कारागीर. फक्त बांगड्यांऐवजी आता विज्ञान विकत होता.

माझं काम तपासणीचं. प्रत्येक पेटीत एक कार्ड जायचं, त्यावर 'तपासले' असं छापलेलं आणि खाली माझी पेनाने केलेली सही, सहीखाली बी.एस्सी., रसायनशास्त्र. ही कल्पना शेठची. तो म्हणायचा, "म्याडम, छापलेली सही नको. डिग्रीवाल्या माणसाने हाताने केली की कस्टमरला भरोसा येतो." मला ते आवडलं होतं, खोटं कशाला सांगू. दिवसभर सह्या करून बोटं दुखायची आणि त्या दुखण्याचाही मला अभिमान होता.

आता स्फटिकाबद्दल थोडं सांगावं लागेल, त्याशिवाय राग कळायचा नाही.

खाडीकाठच्या मिठागरातला मिठाचा एक जाडा खडा हातात घेऊन पाहिला तर त्याच्या कडा काटकोनात दिसतात. कुणी कापलेल्या नसतात. आत सोडियम आणि क्लोरीनचे कण असेच काटकोनात, एकाआड एक बसलेले असतात. वर-खाली, मागे-पुढे, डावी-उजवीकडे. एकाच्या शेजारी कायम दुसरा. ही रचना इतकी लांब पसरलेली असते की सगळी दाखवता येत नाही, म्हणून तिचा सगळ्यात लहान चौकोनी तुकडा दाखवतात. तोच तुकडा पुन्हा पुन्हा शेजारी-शेजारी ठेवत गेलं की अख्खा खडा तयार होतो. आमचा नमुना म्हणजे तो तुकडा. सत्तावीस गोळ्यांचा ठोकळा. हिरवा क्लोरीन, पांढरा सोडियम. आठ कोपऱ्यांत हिरवे, सहा बाजूंच्या मधोमध हिरवे, बारा कडांच्या मध्यावर पांढरे, आणि पोटात एक पांढरा.

कॉलेजात मी हे पाठ केलं होतं. कोपऱ्यातला कण धरायचा एक अष्टमांश, बाजूवरचा अर्धा, कडेवरचा पाव, पोटातला पूर्ण. का, ते विचारलं नव्हतं. परीक्षेत लिहिलं, मार्क पडले. खरं कळलं ते गाळ्यात, ठोकळा हातात आल्यावर. म्हणजे पदवी घेतल्यानंतर. याचाही मला राग आहे, पण तो वेगळा.

ठोकळे जोडायचं काम शेठ घरोघरी बायकांना द्यायचा, आणि मी सांगून ते आईलाही मिळवून दिलं होतं. टेम्पोवाला गोळ्यांची गोणी आणि दांड्यांचे जुडगे आणून टाकायचा. प्रत्येक गोळ्याला सहा भोकं, सहा दिशांना. आईला मी एकच नियम सांगितला होता: हिरव्याला हिरवा चिकटवायचा नाही. पहिल्या दुपारीच तिचा हात बसला. दोन दिवसांनी तिनं मला विचारलं, कोपऱ्यातल्या गोळ्याची तीनच भोकं भरतात, तीन बाहेरच्या बाजूला रिकामी राहतात, मग ती पाडलीच कशाला? मी चहा घेत होते. म्हटलं, मशीनला एकच साचा आहे गं. तिने मान हलवली आणि पुढचा गोळा घेतला.

मग ते सर आले.

एका मोठ्या शिक्षणसंस्थेच्या बऱ्याच शाळा आणि ज्युनियर कॉलेजं होती. त्या सगळ्यांना विज्ञानाचं साहित्य घेण्याचं काम या सरांकडे होतं. निवृत्त मुख्याध्यापक. पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं, बोलताना डोळे अर्धे मिटलेले. मला ते आल्या आल्या आवडले होते. शेठने त्यांच्यासाठी खालून थंडा मागवला आणि मिठाचा ठोकळा टेबलावर ठेवला. सरांनी पेनाच्या टोकाने एकेक गोळा मोजला. मग मला जवळ बोलावलं आणि विचारलं, हिरवे किती? म्हटलं, चौदा. पांढरे? तेरा.

"मिठाचं सूत्र काय, मुली?"

मी सांगितलं. एक सोडियम, एक क्लोरीन.

"मग एकास एक हवेत ना? तुझ्याकडे एक हिरवा जास्त आहे."

मला आनंदच झाला. वाटलं, हा प्रश्न आपण सोडवू शकतो. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. कोपरा आठ ठोकळ्यांत वाटलेला असतो, बाजू दोघांत, कड चौघांत. वाटणी करून मोजलं की चार हिरवे आणि चार पांढरे, म्हणजे बरोबर एकास एक. मी पटापट बोलत होते, हातवारे करत होते. सर ऐकत होते असं मला वाटलं. माझं संपल्यावर ते शेठकडे वळले आणि हिंदीत म्हणाले, लडकी ने रट्टा अच्छा मारा है. शेठ हसला.

मग मला विचारलं, वडील काय करतात?

मी सांगितलं.

"हं. पहिल्या पिढीचं असंच होतं," ते अगदी प्रेमाने म्हणाले. "पुस्तकातलं सगळं तोंडात असतं. पण समोर दिसतंय ते मोजायची सवय नसते. मी तीस वर्षं शिकवलंय, बाळ. मुलं ठोकळा बघतील, गोळे मोजतील आणि म्हणतील, चौदा-तेरा. मग शिक्षकाने काय सांगायचं?"

तेच सांगायचं जे मी आत्ता सांगितलं, असं मी म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. बाबांचा निळा गणवेश डोळ्यांसमोर आला होता, जणू तो त्या टेबलावर कुणी पसरून ठेवलाय. दुसऱ्या दिवशी मी बारावीचं पुस्तक घेऊन शांती नगरला संस्थेच्या ऑफिसात गेले, आकृतीवर बोट ठेवून दाखवलं. सरांनी चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाले, चित्रात मागचे गोळे दिसत नाहीत, त्यामुळे चित्राचं चालून जातं. नमुन्याचं चालत नाही. खालचा, मागचा, डावीकडचा एक कोपरा काढून टाका. फळीवर बसवला की कुणाच्या लक्षातही येणार नाही.

तीस वर्षं. मी अजून तो आकडा मनात उगाळते. तीस वर्षांत त्या माणसाला एकदाही वाटलं नसेल का, की समोरच्याला आपल्यापेक्षा एखादी गोष्ट जास्त माहीत असू शकते?

शेठला माझं म्हणणं कळलं होतं की नाही कोण जाणे. त्याने एकच विचारलं, गोळा काढला तर ठोकळा पडेल काय? नाही पडणार, म्हटलं. "मग काढा ना म्याडम. कस्टमर बोलतो तेरा, तर तेरा. तुमचं मीठ काय खारट नाय होणार काय?"

त्या रविवारी दुपारी मी बाजारातून आले तर घरात पाय ठेवायला जागा नव्हती. टेम्पोवाला तयार ठोकळे परत टाकून गेला होता, शेठच्या निरोपासकट. आई जमिनीवर बसून पक्कडीने कोपरे काढत होती. एक गोळा, त्याच्या तीन दांड्या. कोपरा मोडलेले ठोकळे भिंतीला लावून ठेवलेले. बाबा खाटेवर झोपले होते.

मी म्हटलं, काढू नकोस. ती म्हणाली, शेठचा निरोप आहे. शेठला अक्कल नाही, मी म्हटलं. ती म्हणाली, अक्कल नसेल, पण माल त्याचा आहे. असं दोन-तीनदा झालं. माझा आवाज चढला. आणि मग मी ते बोलले.

"तुला काय कळतंय त्यातलं?"

बोलल्याबरोबर मला कळलं की मी हे वाक्य कुठून उचलून आणलंय. सरांनी माझ्याशी जे केलं तेच मी आईशी, तिच्याच घरात. आईने पक्कड खाली ठेवली. रागावली नाही. साडीला हात पुसले आणि म्हणाली, "मग कळव की, बाय. तिकडे जाऊन त्या सायबाला सांगितलंस. मला कधी सांगितलंस?"

तीन वर्षं मी कॉलेजला गेले. ती मला डबा द्यायची, मी घेऊन जायचे. आत काय शिकवतात हे एक दिवस मी तिला सांगितलं नव्हतं. तिने विचारलं असतं तर 'राहू दे गं' म्हटलं असतं, हे तिलाही माहीत असणार.

मी न मोडलेले आठ ठोकळे घेतले. चार खाली, चौकोनात, एकमेकांना चिकटवून. चार त्यांच्यावर. मग तिला म्हटलं, आता अगदी मधोमध बघ. आठ ठोकळ्यांचे आठ कोपरे एका जागी आले होते, हिरव्या गोळ्यांचा झुपका झाला होता. म्हटलं, खऱ्या मिठात इथे आठ नसतात. इथे एकच असतो. आठही जणांनी मिळून धरलेला. आपण ठोकळा सुटा काढून दाखवतो म्हणून प्रत्येकाला आख्खा गोळा लावावा लागतो.

आई वाकून बराच वेळ बघत होती. मग एका बाहेरच्या कोपऱ्यावरून बोट फिरवत म्हणाली, म्हणजे ही रिकामी भोकं शेजारच्यासाठी ठेवलेली. मी हो म्हटलं. हाच प्रश्न तिने मला आधी विचारला होता आणि मी साचा सांगितला होता.

"म्हणजे कोपऱ्यातला एकेकाच्या वाट्याला अदपाव," ती म्हणाली.

आईच्या शाळेत पावकी-निमकी, म्हणजे पाव-अर्ध्याचे पाढे, पाठ करून घ्यायचे. पावाचा निम्मा तो अदपाव, तेल मोजायचं माप. माझ्या पुस्तकात तो एक अष्टमांश होता.

"आठ अदपाव एक," तिने बोटं दुमडत हिशेब सुरू केला. "बाजूचे सहा, दोघांत एक. सहा निम्मे तीन. झाले चार हिरवे. कडेचे पांढरे चौघांचे ना? बारा पाव तीन. आणि पोटातला?"

"तो त्याचाच. आख्खा."

"मग चार. बरोबर तर आहे." ती माझ्याकडे बघून म्हणाली, "ह्याच्यात त्या सायबाला अडलं कुठे?"

खाटेवरून बाबा झोपेतल्या आवाजात म्हणाले, सायबाला पावकी येत नसेल. आई हसली. मीही हसले, पण हसता हसता माझं डोकं सणकलं. चौथी पास बाईला अर्ध्या तासात जे कळलं ते त्याला कळत नव्हतं असं नाही. त्याला कळून घ्यायचं नव्हतं, कारण सांगणारी मी होते.

पुढचं आम्ही दोघींनी मिळून ठरवलं. आई म्हणाली, काढायचा तर काढू, पण फेकायचा कशाला? गोळा आणि तीन दांड्या एका पिशवीत बांधून त्याच पेटीत टाकू. ज्याला अक्कल असेल तो लावेल. मी प्रत्येक कार्डावर पेनाने लिहिलं: 'मागील डाव्या खालच्या कोपऱ्यातला हिरवा गोळा पिशवीत आहे. तो तिथे लावावा, मगच वाटणी करून मोजावेत.' त्याखाली सही. सहीखाली बी.एस्सी. सोमवारी शेठला स्पष्ट सांगितलं की कार्डावर एक ओळ जास्त लिहिली आहे, वाचून घ्या. त्याने कार्ड लांब धरून बघितलं, मराठी अक्षर त्याला जड जायचं, आणि 'अच्छा है' म्हणून पेट्या बांधायला सांगितल्या. मी लपवाछपवी केली असं नंतर जे बोलले, त्यांच्यासाठी हे लिहून ठेवते.

चार दिवसांनी सरांचा फोन. शेठ मला रिक्षात घालून शांती नगरला घेऊन गेला, रस्ताभर कपाळाला हात लावून. सरांच्या टेबलावर एक पेटी उघडलेली, पिशवी बाजूला, कार्ड समोर. त्यांचे डोळे आज पूर्ण उघडे होते. त्यांचं म्हणणं, मी त्यांच्या शिक्षकांसमोर त्यांना खोटं पाडलं. माफीचं पत्र लिहून दे, कार्डं बदलून दे, विषय संपला. कोरा कागदही पुढे केला. शेठ कोपराने मला ढोसत होता, लिहून टाका, दोन ओळी तर आहेत.

मी विचारलं, माझं चुकलं काय ते सांगा, मी लगेच लिहिते. सर म्हणाले, चूक-बरोबरचा प्रश्नच नाही, प्रश्न वागण्याचा आहे. त्या क्षणी मला खात्री पटली की त्यांना कळलंय. चार दिवसांत कुणीतरी पिशवीतला गोळा लावून, वाटणी करून त्यांना दाखवलं असणार. म्हणूनच ते चूक हा शब्द घेत नव्हते.

"एका डिग्रीचा एवढा माज?" ते म्हणाले.

"हो," मी म्हटलं. "आहे."

कागद तसाच ठेवून मी बाहेर आले. जिन्यात दोनदा मागे वळून पाहिलं, तेही सांगते. माज करायची सवय नव्हती.

शेठने मला काढलं. त्याचा मला फार राग आला नाही, धंदा होता. राग पुढच्या गोष्टीचा आला. संध्याकाळी त्याने आईला शेजारच्या पीसीओवर फोन लावला आणि गोड आवाजात सांगितलं की म्याडमचं म्याडमपाशी, तुमचं काम चालू आहे. तुमचा हात चांगला आहे. फक्त आता सगळे ठोकळे सुरुवातीपासूनच तेराचे बनवा, कोपरा लावूच नका, पिशवी-बिशवी काही नको. आई घरी आली, मला सगळं सांगितलं आणि म्हणाली, मी हो म्हणून आले. तुझी नोकरी गेली, माझंही काम कसं सोडू?

मी तिच्याशी तीन दिवस बोलले नाही. तिचं खरं होतं, हे माहीत असून बोलले नाही.

पुढे दोन-अडीच महिने मी त्याच खोलीत शिलाई मशीनपाशी बसून अर्ज लिहीत होते आणि समोर जमिनीवर आई कोपरा नसलेले ठोकळे जोडत होती. एकापाठोपाठ एक, सगळे त्याच कोपऱ्यात लंगडे. तिला कळत नसतं तर मला एवढं लागलं नसतं. गाळ्यातला कारागीर चुकीचं जोडायचा, त्याला ठाऊक नसायचं, मी दाखवलं की 'अच्छा, ऐसा क्या' म्हणून दुरुस्त करायचा. इथे तसं नव्हतं. ज्याला कळून घ्यायचं नव्हतं तो खुर्चीत बसून, जिला कळलं होतं तिच्याकडून रोज चुकीचं करून घेत होता. आणि ती माझी आई होती. सर, तुम्ही हे वाचणार नाही, पण मी ते माफ केलेलं नाही.

एकदा मला राहवलं नाही. मी अर्ज बाजूला ठेवून विचारलं, तुला सगळं कळतंय ना, मग कसं गं जमतं तुला?

तिने हातातल्या ठोकळ्याची शेवटची कड दाबून बसवली.

"कळतंय म्हणूनच तर वेळ लागतो, बाय," ती म्हणाली. "आधी दुपारपर्यंत गोणी संपायची. आता कोपरा आला की हात थांबतोच. त्याला दरवेळी ओढून पुढे न्यावा लागतो."

मग तिने एक हिरवा आणि तीन दांड्या बाजूला सारल्या आणि पुढचा ठोकळा मांडीवर घेतला.